वजा तीन

१

माझा नातू पाच दिवसांचा झाला होता आणि मी त्याचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी सकाळपासून माझं कामात लक्ष नव्हतं, हे आधीच कबूल करतो. पुढचं ऐकून कुणी म्हणालंच की म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, तर अर्धी गोष्ट मी आधीच मान्य केलेली बरी.

आमचं ठाणं खिंडीच्या माथ्यावर आहे. अलीकडे दोन खोल्यांचं घर, त्यात मी, बायको राबिगा आणि मुलगा-सून. पलीकडे तीनशे पावलांवर फाटकवाल्या कुसाइनची लाकडी खोली आणि रस्त्यावरचं आडव्या दांड्याचं फाटक. या तीनशे पावलांत रस्ता अगदी चिंचोळा होतो आणि डाव्या हाताला सरळ दरी. बर्फ पडला की दरीच्या कडेला त्याचा ओठ पुढे येतो आणि रस्ता कुठे संपला ते गाडीवाल्याला कळत नाही. म्हणून उजवीकडे खांब रोवून कमरेइतक्या उंचीवर दोर बांधलाय. माणसांनी दोर धरून चालायचं, गाड्यांनी फाटकापाशी थांबायचं.

फाटक कधी पाडायचं ते मी ठरवतो. मी म्हणजे माझे दोन काटे. कुसाइनच्या भिंतीत एक पेटी आहे. तिच्यात दिवा आणि तापवलेली पत्र्याची चकती. दिव्याचा उजेड डोळ्याला दिसतो, चकतीच्या उष्णतेचे किरण दिसत नाहीत. दोन्ही दोराच्या वरून निघून माझ्या भिंतीतल्या भिंगात शिरतात आणि आत एक काटा उजेड मोजतो, दुसरा उष्णता. आकाश निरभ्र असलं की दोन्ही शंभरावर. धुक्यात उष्णता हुशार, ती उजेडाआधी वाट काढते. बर्फात मात्र तिची हुशारी चालत नाही. बर्फाची पाकळी एवढी मोठी की तिच्यापुढे दोघांचीही डाळ शिजत नाही. त्यातल्या त्यात उजेड पाकळीच्या कडेला घासून तसाच सरळ भिंगात येतो, उष्णता जरा जास्त फाकते आणि वाट चुकते. म्हणून बर्फात उष्णतेचा काटा नेहमी थोडा खाली. तीस वर्षं बघतोय, कधी उलटं झालं नाही.

दर तासाला कुसाइन आधी पेटीचं झाकण लावतो. तेव्हा दोन्ही काटे शून्यावर यायला हवेत. याला आम्ही झाकणाचं वाचन म्हणतो. मग तो झाकण उघडतो, मी आकडे घेतो. उजेड दहाच्या खाली गेला की फाटक पडलं.

काट्यांच्या वर भिंतीला एक पाटी आहे, आमच्या आधीच्या कुणाच्या तरी हातची. ‘बर्फ पडत असताना उष्णतेच्या झाकणाच्या वाचनातून तीन वजा करावेत.’ आणि खरंच, बर्फ पडायला लागला की झाकण लावलेलं असूनही उष्णतेचा काटा तीनावर उभा राहतो. धुक्यात नाही, वाऱ्यात नाही, फक्त बर्फात. नोकरीला लागलो तेव्हा मी साहेबांना कारण विचारलं होतं. ते म्हणाले, पडणाऱ्या बर्फाला स्वतःची थोडी ऊब असतेच, तू वजा कर आणि चहा पी. मी तीस वर्षं वजा करून चहा पीत आलो.

२

त्या दिवशी दहाला उजेड एकसष्ट, उष्णता पंचावन्न. झाकण तीन. वहीत शून्य लिहिलं.

मार्चचा पहिला आठवडा होता. या दिवसांत बर्फाच्या पाकळ्या मोठ्या, ओल्या आणि आळशी पडतात. राबिगा पहाटेपासून तळणीपुढे होती. बाउरसाकचे, म्हणजे कणकेचे, गोळे फुगून वर येत होते आणि ती गाणं म्हणत होती, तेही मोठ्यानं. एरवी तिचा आवाज ऐकून घोडं तबेल्यातून पळेल म्हणून मी चिडवतो, पण त्या दिवशी मीसुद्धा सूर धरला. आमचा ऐदोस, त्याची बायको अक्माराल आणि बाळ खालच्या दवाखान्यातून दुपारपर्यंत पोचणार होते.

तिनं हिवाळी मांसातला सिबागाही बाहेर काढला होता. जो माणूस आलेला नाही त्याच्या वाट्याचा तुकडा आमच्याकडे बाजूला ठेवतात, तो सिबागा. सुनेचा तर होताच. त्याशिवाय राबिगा दर हिवाळ्यात आणखी एक ठेवते. कुणासाठी म्हणून विचारलं तर म्हणते, खिंडीत राहतो आपण, कुणीतरी वाटेवर असणारच.

दांडी फिरवायचा फोन वाजला. पलीकडे कुसाइन. आम्ही दोघं एकाच वर्षी जन्मलो. आमच्यात जोडीच्या माणसाला वाटेल ते बोलायची मुभा असते आणि कुसाइन ती मुभा दोन्ही हातांनी वापरतो.

"काय आजोबा, दात बसवून घेतलेत ना? नातवाला पापा देताना पडायचे."

"माझे दात राहू दे," मी म्हटलं. "तुझ्याकडं बघून पोर रडलं, तर फाटक तुझ्यावरच पाडीन."

अकराला उजेड चौतीस, उष्णता सत्तावीस. झाकण चार.

मी तीन वजा केले. एक उरला. भिंगावर बाष्प आलं असेल म्हणून ते पुसलं आणि वहीत एक लिहिला. तीस वर्षांत तिथं शून्याखेरीज पहिल्यांदाच काही लिहिलं गेलं.

३

बाराला उजेड नऊ. फाटक पाडायला सांगितलं आणि दहा मिनिटांत फोन आला.

कुसाइन म्हणाला, "अरे एर्गाझी, तुझा नातू माझ्या दारात आलाय. आणि दार तू बंद केलंयस."

जगातला कुठलाही नियम स्वतःच्या नातवावर येईपर्यंत चांगलाच वाटतो. ऐदोसनं फोन हिसकावून घेतला असावा. तो म्हणत होता की तीनशे पावलंच आहेत बाबा, मी गाडी हळू आणतो. मी नाही म्हणालो. तो पुन्हा म्हणाला. मी पुन्हा नाही म्हणालो, आणि या वेळी माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मग त्याने सांगितलं की सकाळच्या वाऱ्यानं कुसाइनकाकांच्या शेगडीचं धुराडं उडून गेलंय, खोली बर्फासारखी थंड आहे, गाडीचं इंजिन चालू ठेवून बसलोय आणि डिझेल तासाभराचंसुद्धा नाही.

राबिगानं गाणं थांबवलं होतं.

मी झाकण लावायला सांगितलं. पाच.

आता मात्र मी खुर्ची पुढे ओढली. झाकणाला फट पडली म्हणावं, तर उजेडाचा काटाही हलला असता. तो मेल्यासारखा शून्यावर होता. घोडं तबेल्यात, राबिगा तळणीपुढे, कुत्रं माझ्या पायाशी. भिंगापुढे कुणी नाही. आणि तेवढ्यात एक साधी गोष्ट लक्षात आली, जी तीस वर्षांत यायला हवी होती. चकतीची उष्णता बर्फ जसा दाट होईल तशी घटते, पंचावन्नची सत्तावीस होते, सत्तावीसची सहा. मग हे तीन का घटत नव्हते? हलका बर्फ असो की दाट, तीन ते तीनच. बर्फानं जे अडत नाही ते बर्फाच्या पलीकडून येत नसतं. ते अलीकडे असतं.

"पाच म्हणजे काय?" राबिगानं विचारलं.

"काही नाही. यंत्र जुनं झालंय."

"माझ्यासारखं," ती म्हणाली आणि परत तळणीकडे गेली. पण मधूनमधून ती दाराकडे बघत होती.

४

एकला उजेड चार. खिडकीतून दोराचा पहिला खांबसुद्धा दिसत नव्हता. झाकण आठ.

मी कुसाइनला झाकण तसंच लावून ठेवायला सांगितलं आणि नुसता काट्याकडे बघत बसलो. बर्फामुळे काटा थरथरतो, सगळीकडून थोडाथोडा. हा तसा थरथरत नव्हता. आठावरून किंचित खाली यायचा, परत आठावर जायचा. उभ्या माणसानं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घ्यावा, तसा. बाहेर आवाज असा नव्हताच. ओला बर्फ पडताना सगळे आवाज पिऊन टाकतो. घड्याळ, तळणी, कुत्र्याचा श्वास, एवढंच. कुत्रं उठून भिंतीपाशी गेलं होतं, भिंगाच्या बरोबर खाली, आणि शेपूट हलवत होतं.

मला भीती वाटली. साफ सांगतो.

तेवढ्यात फोन. अक्माराल होती. ही पोर सासऱ्याशी बोलताना आवाजसुद्धा चढवत नाही. ती म्हणाली, "बाबा, बाळाचे हात गार पडायला लागलेत. आम्ही दोर धरून येऊ का?"

मी झाकण उघडायला लावलं. पाकळ्या आणखी मोठ्या झाल्या होत्या आणि विरळ. बर्फ दम खातो तेव्हा तसं होतं. उजेड चारावरून नऊ, बारा, पंधरा. गाडी सोडायला तो तासभर दहाच्या वर टिकावा लागतो आणि हा टिकणारा नव्हता. पण माणसांना तीनशे पावलांसाठी वीस मिनिटं पुरतात.

निघा म्हणायचं की नाही? दोरावर काहीतरी ऊबदार उभं आहे, हे मला माहीत होतं. ते कुसाइनला सांगितलं असतं, तर पुढची दहा वर्षं तो मला तेच ऐकवत राहिला असता. हे कारण लाजिरवाणं आहे, पण खरं आहे. मी बोललो नाही. मी म्हणालो, निघा.

कुसाइन म्हणाला, मी पुढे चालतो, पोरांना वाट दाखवतो. मी त्याला म्हटलं, झाकण लावून निघ, म्हणजे तुमची ऊब मला काट्यावर दिसत राहील.

त्यानं बिल्ले वाटले. दोरावर जाणाऱ्यानं पलीकडच्या फळीवरून आपला पितळी बिल्ला घ्यायचा आणि इकडे पोचल्यावर माझ्या दाराबाहेरच्या खिळ्याला लावायचा, म्हणजे दोरावर कोण आहे ते दोन्हीकडे कळतं. फळीवर चार खिळे आहेत. बिल्ले तीन. एक नंबरचा खिळा आम्ही आलो तेव्हापासून रिकामाच.

५

काटा आठावर होता. आता सात. मग पाच, मग तीन. जे काही होतं ते माझ्यापासून दूर जात होतं, दोराच्या त्या टोकाकडे. माझी माणसं निघाली होती त्या टोकाकडे.

मी ओरडायला उठलो, पण कुणाला ओरडणार? दार उघडून हाक मारली, ती उंबऱ्यापलीकडे गेलीच नाही. परत येऊन काट्यापुढे बसलो. एकदम तो वर चढू लागला. चार. सहा. नऊ. पावलागणिक एक हिसका. कुसाइन बर्फातून चहाला येतो तेव्हा काटा कसा चढतो ते मला पाठ आहे. हा तसा चढत होता, पण तिप्पट. तीन मोठी माणसं. कुसाइन, ऐदोस, अक्माराल. मी हिशोब जुळवला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. येत होते, सगळे येत होते. राबिगा हात पुसत येऊन माझ्या मागे उभी राहिली. मी तिला काट्याकडे बोट करून दाखवलं. "तो बघ आपला नातू," मी म्हणालो, आणि ती माझ्या खांद्यावर थापट्या मारत हसायला लागली.

फोन वाजला.

"एर्गाझी," कुसाइनचा आवाज, धापा टाकणारा. "दहा पावलांवर माझा गुडघा गेला रे. धुराड्यापायी सकाळी छपरावरून घसरलो होतो, तुला बोललो नव्हतो. मी परत आलोय. दोर सोडून बर्फात बसलो, पोरांना थांबा म्हणून ओरडलो, पण ती मला न बघताच पुढे गेली. पोचली का?"

काटा विसाच्या पुढे गेला होता. तीन माणसं. मी पुन्हा बघितलं. तीन.

दारावर थाप पडली. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत राबिगानं कडी काढली होती.

६

मी जे पाहिलं ते एवढंच.

दारात मेंढीच्या कातड्याचा कोट. दोन हातमोजे पुढे आलेले आणि त्यांत दुलईचं गाठोडं. राबिगानं ते घेतलं. कोटाच्या बाहीवर बर्फ होता. सगळा दिवस मोठ्या, ओल्या पाकळ्या पडत होत्या, आणि त्या बाहीवर मात्र सुईसारखा बारीक, कोरडा बर्फ, जो फक्त जानेवारीत, उणे तिशीच्या थंडीत पडतो. तीस वर्षं मी बर्फच बघतोय, त्यात माझी चूक होत नाही. तो बर्फ त्या दिवसाचा नव्हता. टोपीखाली चेहरा असेल तिथे मी बघणार, तेवढ्यात मागून अक्माराल धडपडत आत आली, तिच्यामागे ऐदोस, दोघंही हसत, भिजलेली, नाकं लाल झालेली. दार मोकळं झालं होतं.

"कुसाइनकाका कुठे गेले?" ऐदोसनं मागे बघत विचारलं. "काय माणूस आहे, बाबा. अर्ध्या वाटेवर ही घसरली, तर मागे वळले, बाळाला घेतलं आणि कोटाच्या आत धरलं. एक शब्द बोलले नाहीत. नाहीतर एरवी तोंड मिटत नाही."

फोन अजून माझ्या हातात होता आणि त्यातून कुसाइन विचारत होता, पोचली का रे, बोल की. मी म्हणालो, पोचली. सगळी पोचली. मग फोन खाली ठेवला आणि त्याला एक शब्द जास्त सांगितला नाही.

राबिगानं दुलई उघडली. आत पोर कोरडं ठणठणीत होतं. गाल गुलाबी, मुठी गरम. ते गार पडलेले हात शोधूनसुद्धा सापडेनात. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं, मला नापसंत केलं आणि डोळा परत मिटला. मी लहान मुलासारखा रडलो. राबिगा रडत होती आणि बाउरसाक वाटत होती, दोन्ही एकदम.

७

तास भरला तेव्हा मी बिल्ले बघायला दार उघडलं. नियम आहे, बघावेच लागतात. खिळ्याला तीन नंबरचा होता, चार नंबरचा होता. आणि त्यांच्या आधी, सर्वांत आत, एक नंबरचा.

नवाकोरा. एक डाग नाही. मी हात लावला तर तो ऊबदार होता. बाहेरचं तापमान उणे एक.

राबिगा माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिनं बिल्ला बघितला, माझ्याकडे बघितलं आणि खिळ्यावरून काढून घेतला. बाळाचं तोंड जो पहिल्यांदा बघतो त्यानं काहीतरी द्यावं लागतं, ही आमच्याकडची रीत.

"आपल्या आधी बघितलं ना त्यानं," ती म्हणाली. "दिलं बघ."

"कुणी?"

"मला काय विचारतोस? काटे तू बघतोस."

त्याच दुपारी तिनं तो बिल्ला लाल दोऱ्यानं पाळण्याला बांधला. मी कुसाइनला फोन केला. बर्फ पुन्हा भरून आला होता, उजेड सहावर. झाकण लावायला सांगितलं.

शून्य.

मी काचेवर टिचकी मारली. शून्य. बर्फ पडत होता आणि काटा शून्यावर होता, पाटी लावली गेल्यापासून कदाचित पहिल्यांदाच. बाहेर, दोरावर, आता कुणी नव्हतं. मी सुटकेचा श्वास सोडला आणि त्या आनंदात नऊ बाउरसाक खाल्ले, असं राबिगा आजही सगळ्यांना सांगते. तिनं तो जास्तीचा सिबागा शिजवला आणि ताटात घालून शेगडीजवळ ठेवला. सकाळी ताट रिकामं होतं. मी कुत्र्याकडे बघितलं, आणि कुत्र्यानं तोंड फिरवलं.

८

नातवाचं नाव अल्दियार ठेवलं. चाळीस दिवस झाले, चाळिसाव्याचं रीतीचं स्नान झालं. कुसाइन काठी टेकत आला, पोराला बघितलं आणि म्हणाला की नाक आजोबांचं आहे, बाकी देवाची कृपा. त्या दिवशी पाहुण्यांत कुणीतरी त्याच्या धाडसाचं कौतुक केलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग त्याने कौतुक गुपचूप घेतलं, आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता.

मे महिन्यात मी भिंगाची नळी भिंतीतून काढली. वर्षातून एकदा ती साफ करावी लागते. काट्यांसकट टेबलावर ठेवली, तोंड खोलीकडे. बाहेर लख्ख ऊन. राबिगा आणि अक्माराल अंगणात सतरंज्या झटकत होत्या, ऐदोस फाटकावर. पाळणा माझ्यामागे होता. शेगडी थंड. भिंगापुढे शेगडीजवळची रिकामी जागा, जिथे राबिगा ताट ठेवते.

उष्णतेचा काटा तीनावर होता.

मी नळी खिडकीकडे वळवली. भिंतीकडे वळवली. शून्य. परत शेगडीकडे. तीन. बाहेर सतरंजीवर दणके पडत होते. माझ्यामागे पाळण्यावरचा बिल्ला किणकिणला आणि अल्दियार हसला. तोंडभर, आवाज करून, जसा तो आमच्यापैकी अजून कुणालाच बघून हसला नव्हता. मी वळून बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता, शेगडीकडे.

भीती वाटली का? वाटली. मानेवरचे केस उभे राहिले. पण पोर हसतच होतं, आणि इतक्या गोड हसणाऱ्या पोरासमोर माणूस किती वेळ भिऊ शकतो? थोड्या वेळानं मीही हसायला लागलो. का, ते मला विचारू नका.

राबिगा आत आली. तिनं माझ्याकडे, पाळण्याकडे, मग शेगडीकडे बघितलं आणि चहासाठी पेले काढायला गेली. मग तिथूनच विचारलं, "काय म्हणतोय काटा?"

"शून्य," मी म्हणालो.

बर्फ पडत नव्हता. वजा करायचं काही कारण नव्हतं. राबिगानं पेले मांडले. आम्ही चौघं आणि शेगडीजवळ एक, दुधाचा, वाफाळता. मी तो मोजला नाही.